पाहुण्यांचे मास्क

ती घटना आजही आठवते. आठवली की आधी हसू येतं, मग भीती वाटते आणि शेवटी हायसं वाटतं. ना फिर्याद, ना गुन्हा नंबर, ना पंचनामा, असा माझ्या आयुष्यातला हा एकच तपास. तरीही खून-दरोड्यांपेक्षा तोच मला जवळचा वाटतो.

पोलीस खात्यात इन्स्पेक्टर असताना मी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि सौदी अरेबियात हुफूफजवळच्या एका तांत्रिक कॉलेजात सुरक्षा अधिकारी म्हणून गेलो. मित्र म्हणाले, "तिथं काय, वाळूवर पहारा द्यायचा." वाळू बाहेर होती. भिंतीच्या आत वर्कशॉप, हॉस्टेल, मेस आणि फुटबॉलचं मैदान होतं. शिकणारे आणि शिकवणारे बहुतेक भारतीय, सगळे एकटे राहणारे पुरुष. खात्याची खोड जात नाही. मी तिथेही सकाळची हजेरी, किल्ल्यांचा बोर्ड आणि गस्त सुरू केली. पोरं मला मागे 'ठाणेदार' म्हणायची. तोंडावर साहेब.

मग आखाती युद्ध पेटलं. इराककडून क्षेपणास्त्रं येऊ लागली, आणि त्यातून विषारी वायू सोडतील अशी भीती होती. कॉलेज चालवणाऱ्या कंपनीने प्रत्येकाला मापाचा मास्क दिला. कापडी पिशवीत घालून तो गळ्यात अडकवायचा आणि जेवायला, झोपायला, संडासला जातानाही बरोबर ठेवायचा. हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावरच्या एका खोलीच्या खिडक्या प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. भोंगा वाजला की मास्क लावून त्या खोलीत जाऊन बसायचं. एरवी तिच्या दाराच्या फटीही चिकटपट्टीने बंद असत. भोंगा बहुधा अंधार पडल्यावर वाजायचा, म्हणून दिवसा माणसं जरा सैल असत.

अशा दिवसांत फुटबॉल हेच आमचं औषध होतं. कतीफच्या आरोग्य कॉलेजाशी आमची जुनी खुन्नस. मागच्या खेपेला आम्ही तिकडे गेलो तेव्हा त्यांच्या पोरांनी आमचा ढोल फोडला आणि बसची हवा सोडली. आता शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर ते आमच्याकडे आले. संघ, तीसेक समर्थक आणि एक चिमुरडी. तिचे वडील तिथल्या इस्पितळात एक्स-रे काढायचे, मूळचे चिपळूणचे. आई त्याच इस्पितळात नर्स. युद्धामुळे इस्पितळ कुणालाच सोडेना, म्हणून कुटुंब अडकलेलं. त्या दिवशी आईची ड्युटी होती, म्हणून बाप लेकीला घेऊन आला होता.

गेटवर मी त्याला म्हटलं, "अहो, मुलीला कशाला आणलंत या गोंधळात?"

"घरात एकटी कशी ठेवू, साहेब? भोंगा झाला तर तिला मास्क कोण लावणार?"

गळ्यातली छोटी पिशवी दाखवत मुलगी म्हणाली, "अंकल, मेरावाला छोटा है. इस पे फूल है."

सामना सुरू झाला आणि आमच्या बाजूने जो शिमगा सुरू झाला तो सांगायची सोय नाही. संत्र्यांच्या साली, पाण्याच्या बाटल्या, आणि वर "कतीफ खलास! यल्ला, घर जाओ!" युद्धाच्या दिवसांत 'खलास' हा शब्द कानाला बरा वाटत नाही, पण ऐकतो कोण? सगळ्यांत मोठा आवाज आमच्या ढोलवाल्याचा. हा मिरजेकडचा, पंप दुरुस्ती शिकवणारा मास्तर, चाळिशीचा, दोन पोरींचा बाप. त्याचा आवाज भोंग्यालाही लाजवील असा. पाहुण्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार त्याने ढोलाच्या ठेक्यावर केला. मी दोनदा शिट्टी फुंकली. तो हसून मान डोलवायचा आणि पुन्हा सुरू.

पाहुणे एका गोलने जिंकले. ते नाचत बसकडे गेले आणि तिथे त्यांचा नाच थांबला. ओरडताना, उड्या मारताना गळ्यात लोंबणारी पिशवी नको म्हणून सगळ्यांनी आपापले मास्क बसच्या मागच्या बाकावर रचून ठेवले होते. मुलीचाही त्यातच. बाक रिकामा होता. पठाण ड्रायव्हर छातीवर हात ठेवून म्हणाला, "साहब, असर की नमाज पढ़ने गया था. बस, उतनी ही देर."

आमचा गोरा मॅनेजर धावत आला. तो म्हणाला, सुरक्षेचं साहित्य चोरीला गेलंय, मी इथल्या पोलिसांना बोलावतो. ते आले असते तर संशयावरूनच दहा-बारा जण आत गेले असते आणि इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द होऊन थेट विमानात बसले असते. मी त्याच्याकडे मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानपर्यंत मुदत मागितली. तो म्हणाला, अजान झाली की फोन करणार. सूर्य खजुरांच्या बागांकडे कलला होता. बसला अंधारात कतीफपर्यंत जायचं होतं आणि त्यात एकाकडेही मास्क नव्हता.

पहिली खबर कँटीनवाल्या केरळी चेट्टाने, म्हणजे त्यांच्याकडच्या दादाने, दिली. "साब, आज लाँड्री बंद है ना? फिर लाँड्री का गाडी हॉस्टेल तरफ क्यों गया? ढोल पार्टी का लोग था. शकल नहीं देखा." चहावाल्यासारखा खबऱ्या नाही, हे मला नाशिकच्या नोकरीपासून ठाऊक आहे. हॉस्टेलमागे ती ढकलगाडी रिकामी उभी होती. म्हणजे मुद्देमाल आवारातच होता. माझ्या माणसांनी खोल्या, वर्कशॉप, पाण्याच्या टाकीची गच्ची पालथी घातली. काही नाही. बंद खोल्यांच्या दारांवरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती, म्हणून तिथे कुणी हात लावला नाही.

ढोल पार्टीतल्या चाळीसेक जणांना मी मेसमध्ये रांगेत उभं केलं. खात्यातल्या सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. दरडावलं, चुचकारलं, 'तुझ्या जोडीदाराने सगळं सांगितलंय' हेही झालं. उत्तर एकच, "पता नहीं, साब." चोरी करताना त्यांना गंमत वाटली असेल. आता कबूल करायचं म्हणजे नोकरी गेली आणि घरी पाठवणी, हे त्यांना कळून चुकलं होतं. भ्यालेल्या माणसाला आणखी भीती दाखवून त्याचं तोंड उघडत नाही, हे मी खात्यात शिकलो होतो.

खिडकीतून ते बापलेक दिसत होते. बाप तिला कडेवर घेऊन बसभोवती फेऱ्या मारत होता. त्याला पाहून मला सुचलं.

मी पाहुण्यांना आत बोलावलं आणि म्हणालो, "मास्क सापडत नाहीत. पण पाहुण्यांना असं पाठवता येणार नाही. प्रत्येकाने आपला मास्क गळ्यातून काढायचा आणि समोरच्या पाहुण्याला द्यायचा. आत्ता."



माणूस बघायचा असेल तर त्याच्याकडून त्याचा जीव मागावा. एकाने पट्टा उगाच सरळ केला. एकजण म्हणाला, "साब, साइज नहीं बैठेगा." एकाने विचारलं, परत कधी मिळणार? एका दांडगट पोराच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने पिशवी छातीशी घट्ट धरली. मला त्यांचा राग आला नाही. भीती खरी होती, म्हणजे ते निर्दोष होते. खरे मास्क कुठे आहेत ते ज्याला माहीत असेल, त्याला भिण्याचं कारणच नव्हतं, त्यातलाच एक तो लावणार. तो पटकन देणार.

तिघांनी पटकन दिला. दोन प्रशिक्षणार्थी, एक कल्याणचा आणि दुसरा त्याचा खोलीतला सोबती. त्यांनी जणू काडेपेटी द्यावी तसा दिला. आणि तिसरा आमचा ढोलवाला मास्तर. त्याने तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मास्क काढून मुलीच्या बापाच्या गळ्यात घातला. मी मनात म्हटलं, सापडलास!

पण मुख्य आरोपीला शेवटी घ्यावं, आधी कच्चा दुवा. मी कल्याणच्या पोराला बाजूच्या ऑफिसात नेलं.

"तुला भीती नाही वाटत?"

"नशिबात असेल ते होईल, सर."

तत्त्वज्ञान चांगलं होतं, फक्त वय जमत नव्हतं. मी दार उघडून मुलीच्या वडिलांना, चिपळूणकरांना, हाक मारली. त्यांनी नुकताच मिळालेला मास्क लेकीच्या तोंडाला लावून पाहायला घेतला होता. मोठ्या माणसाचा मास्क त्या एवढ्याशा तोंडावर. पट्टे ओढून ओढून घट्ट केले, तरी हनुवटीखाली माझी चार बोटं आत जात होती. आतून बारीक आवाज आला, "पापा, इसमें से हवा आती है. मेरा फूलवाला दो ना."

पोराचा चेहरा पांढरा पडला. "सर, त्यात लहान मुलीचा पण होता?"

"होता. आणि या आवारात दुसरा लहान मास्क नाही."

तो खाली बसला. "आम्ही दोघांनी बघितलं नाही, सर. आईशप्पथ. नुसती गंमत करायची होती. बस सुटताना 'आम्ही हरलो' असं म्हणायला लावून परत देणार होतो. मग मोठे साहेब पोलीस-पोलीस करायला लागले आणि..." मग म्हणाला, "बंद खोलीत आहेत, सर. आमच्या मजल्याच्या. तिची किल्ली माझ्याकडेच असते. वाटलं, मध्येच भोंगा झाला तर सगळे तिथेच येतील, त्यांना आपले आपले मिळतील."

चिकटपट्टी त्यांनी काढून पुन्हा नीट लावली होती. दार उघडलं तर भिंतीला लागून मास्क ओळीत मांडलेले. सगळ्यांत शेवटी, मोठ्या पिशवीखाली दबलेली, फुलाची छोटी पिशवी. मला खरं सांगायचं तर रडूच आलं. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

त्या दोघांना मी एकच शिक्षा दिली. प्रत्येक पिशवी स्वतः बसपर्यंत न्यायची, आपल्या हाताने पाहुण्याच्या गळ्यात घालायची आणि माफी मागायची. आणि पुढच्या सामन्याला कतीफच्या समर्थकांत बसून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायच्या. मुलीच्या गळ्यात पिशवी घालताना कल्याणचा पोरगा गुडघ्यावर बसला. ती म्हणाली, "थँक्यू भैया." त्याला त्याहून मोठी शिक्षा मला देता आली नसती.

बस गेटबाहेर पडली आणि अजान झाली. मॅनेजरला मी सांगितलं, मास्क सुरक्षित जागी हलवले होते, सापडले. शब्दाने खोटं नव्हतं. तो माझ्याकडे बघून हसला.

आम्ही जेवायला बसतो न बसतो तोच भोंगा वाजला. मास्क लावून त्याच खोलीत बसलो. मला सारखी ती बस दिसत होती, काळ्या रस्त्यावर एकटी. दूर कुठेतरी धमाका झाला. मग धोका टळल्याचा भोंगा झाला, आणि थोड्या वेळाने ऑफिसातला फोन वाजला. चिपळूणकर बोलत होते.

"साहेब, पोचलो बरं का सुखरूप. वाटेत भोंगा झाला. बस बाजूला घेतली, सगळ्यांनी मास्क लावले. काही झालं नाही हो, पण... काही झालं नाही. लेक आता आईच्या मांडीवर आहे. मास्क काढूच देत नाहीये."

फोन ठेवला आणि मी मोठ्याने हसलो. दारात ढोलवाला मास्तर उभा होता, पोचले का विचारायला आलेला. तेव्हा मला आठवलं, याचा जबाब घ्यायचा राहिलाच आहे.

"मास्तर, खरं सांगा. खोलीतलं तुम्हाला माहीत होतं ना?"

"कसली खोली? न्हाई बा. माहीत असतं तर तवाच सांगितलं असतं की."

"मग मास्क इतक्या लगेच कसा दिलात? सबंध दुपार तर त्यांना खलास करत होतात."

"त्ये मैदानातलं, साहेब. मेसमधी आलं की पाव्हणं. त्यांना तसं कसं धाडायचं?"

"भीती नाही वाटली?"

तो ओशाळून हसला. "वाटली की. पाय लटलटत हुते. म्हणून तर पटदिशी दिला. जरा जरी इचार करत बसलो असतो ना, तर हातच उचलला नसता."

खात्यात आम्हाला चेहरा वाचायला शिकवलं होतं. त्या दिवशी तिघांचे हात सारख्याच वेगाने पुढे आले. दोन निर्धास्त होते आणि एक घाबरलेला, आणि मला ते तिन्ही सारखेच दिसले. त्यानंतर एखादी गोष्ट का केली हे विचारल्याशिवाय मी कुणाबद्दल मत बनवत नाही. आणखी एक सवय लागली आहे, ती माझ्या बायकोला फारशी पसंत नाही. दारात कुणी काही मागायला आलं की मी पटदिशी देऊन टाकतो. थांबलो तर माझाही हात उचलायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.