सोवळ्यातली काच

काचेला जीव असतो आणि तो सोडियमच्या वाटपात गुंतलेला असतो, असं छातीठोकपणे सांगणारा आणि वर ते ऐकणाऱ्याला पटवून देणारा माणूस साऱ्या झाशीत एकच, तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण समोरचा माणूस वर्गात बसलेला नाही हे अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही. बरुआसागरच्या बसमध्ये एकदा त्यांनी आल्याची पोती घेऊन बसलेल्या चौघांना एकमेकांचे हात धरायला लावले होते. सिलिकॉनला हात चार, बोरॉनला मुळात तीन. पण सोडियम शेजारी येऊन बसला की बोरॉन खुशीत चौथा हात पुढे करतो आणि काचेची वीण घट्ट होते. मग त्यात ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, घातलं, की ते सोडियमला आपल्याकडे ओढून घेतं आणि बोरॉन बिचारा पुन्हा तीन हातांवर येतो. "तौ मास्साब, अब जौ बोरान का करै?" बोरॉन झालेल्या म्हाताऱ्यानं काळजीनं विचारलं. "का करै? एक हाथ छोड़ दै, और का!" असं म्हणून आतोबांनीच उसासा टाकला. तोवर आमचा थांबा मागे पडला होता.

घरात मात्र त्यांना मराठीखेरीज दुसरी भाषा खपत नाही. "भैया, आपल्या घरात हिंदीची मिलावट बिलकुल नको," असं ते जावयाला बजावतात. या वाक्यात मराठी किती, हे विचारण्याची छाती आत्याचीसुद्धा नाही.

नोकरीत असताना कॉलेजच्या भट्टीत त्यांनी बोरोसिलिकेट काचेचे अकरा तुकडे केले. पहिल्यात ॲल्युमिना अजिबात नाही, पुढच्या प्रत्येकात थोडं थोडं जास्त. घाई हा शब्द त्यांना ठाऊक नाही. शेवटचा बुडबुडा निघून जाईतो ते काच तासन्‌तास वितळत ठेवायचे आणि मग तितक्याच सावकाश निववायचे. त्यातला पहिला, शून्य नंबरचा तुकडा देवघरात, मलमलीत गुंडाळलेला. त्याला हात लावायचा तर आंघोळ करून, आणि तोही फक्त त्यांनीच. सकाळी ते तो खिडकीशी धरून बसत. उन्हाची तिरीप त्यातून भिंतीवर उतरे, हळूहळू कोनाड्यापर्यंत सरके, आणि आतोबा तिच्यामागे कुठेतरी निघून जात. आत्याचा चहा गार होई. "बघ, कसा नितळ आहे. ज्यात काही मिसळलं नाही, ते असं दिसतं," ते म्हणत. त्यांच्याकडेच राहणारी मीही, ऑफिसला उशीर होत असताना, खुळ्यासारखी बघत उभी राहायचे.

यंदा हिवाळ्यात कॉलेजनं त्यांना या काचांवर बोलायला बोलावलं. आयुष्यभर कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे आतोबा हरखून गेले. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी दुसऱ्या शहरात काचेच्याच प्रयोगशाळेत काम करते. शून्य नंबरचा एक कण त्यांनी तिच्याकडे तपासायला पाठवला, केवळ शिक्कामोर्तबासाठी. आतोबा मोबाइल वापरत नाहीत, म्हणून तिचा फोन मला आला. "ताई, सरांच्या शून्यात ॲल्युमिना आहे. चांगलं भरपूर आहे. ते काच कशात वितळवायचे?"

मुशीत. भट्टीत ठेवायची ती मूस ॲल्युमिनाचीच होती. रसरशीत काच तासन्‌तास मुशीच्या भिंती चाटत राहिली होती. आतोबांनी जितका धीर धरला, तितकी मूस काचेत विरघळत गेली.

व्याख्यान चार दिवसांवर आलं होतं. सांगणं मला भाग होतं. "मूस?" ते म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, "मूस?" पुढे दोन दिवस ते कुठल्याच भाषेत बोलले नाहीत. "अगं, ओरडले असते तर बरं झालं असतं," आत्या मला म्हणाली. मला तर वाटलं, आता हे कॉलेजात जायचेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्या मुलीचं पार्सल आलं. त्याच मिश्रणाची काच तिनं फोननंतर लगेच, काचेत न विरघळणाऱ्या प्लॅटिनमच्या मुशीत वितळवली होती, सरांच्याच पद्धतीनं सावकाश निववली होती आणि खरा शून्य पाठवला होता. आतोबांनी आंघोळ केली, पुडकं उघडलं. आतला तुकडा गढूळ होता. दुधाचं भांडं विसळल्यावर पाणी दिसतं, तसा निळसर. मला वाटलं पोरीचं काहीतरी चुकलं. आतोबांनी दोन्ही तुकडे खिडकीशी धरले आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"चुकलं नाही," शेवटी ते म्हणाले. "ॲल्युमिना नसलं, की ही काच निवताना आतल्या आत फुटून निघते. बोरॉन एकीकडे, सिलिका एकीकडे, म्हणून अशी गढूळ. थोडं मिसळलेलं असलं, तर सगळे एकत्र राहतात."

"म्हणजे आपला तुकडा नितळ होता तो..."

"मुशीमुळे. इतकी वर्षं सांभाळून घेतलं गं तिनं. आणि मी वहीत तिचं नावसुद्धा लिहिलं नाही."

मला रडू आलं. त्यांचं मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं, आणि ते इतके आपलेही कधी वाटले नव्हते.

व्याख्यानाला मी मागच्या बाकावर बसले होते. आतोबा उठले, नमस्कार वगैरे काही न करता फळ्याकडे वळले आणि आधी ती मूस काढली. फळाभर, मोठी. मग खडू हातात धरून तिच्याकडे बघत उभे राहिले, आणि खाली तिचं नाव लिहिलं.