भिवंडीपर्यंत मधूच्या मागे

शहापूरहून सकाळी निघालो तेव्हा माझे पाय सायकलवर चढायलाच तयार नव्हते. नाशिक सोडताना अंगात जी हौस होती, ती कसारा घाट उतरताना संपली. ब्रेक दाबून दाबून तळहात सोलवटले होते, आणि बसायच्या जागेबद्दल न बोललेलंच बरं. अंगावर सायकलफेरीचे पिवळे पट्टे लावून आम्ही मुंबईच्या एका कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी मदत गोळा करत निघालो होतो. माझा धाकटा भाऊ मधू त्याच शाळेत शिकलेला. त्या शाळेच्या फाटकातून सायकलवर बसून आत शिरायचं, एवढंच त्याला हवं होतं. नाशकात छापखान्यात कामाला असलेल्या या तिशीच्या माणसानं त्यासाठी सहा महिने रोज पहाटे सराव केला होता.

मधूला ऐकू येत नाही. त्यामुळे तो पुढे आणि मी मागे, ही आमची लहानपणापासूनची रीत. मागून ट्रक आला की मी डावा हात वर करायचा; तो हँडलच्या आरशात बघून कडेला व्हायचा. फेरीचे पुढारी करंदीकर सर हे शाळेतले ड्रिलमास्तर. त्यांनी निघतानाच बजावलं होतं, की मधूचं काही कमीजास्त झालं तर त्याला सामानाच्या टेम्पोत घालणार. त्यामुळे तीन दिवस मी रस्ता पाहिलाच नव्हता, पाहिली ती मधूची पाठ.

पडघ्याला चहा आणि गरम भजी झाली. चहावाल्या बाईंनी विचारलं, "कुठं चाललाव?"

"मुंबईला."

"मंग यष्टी न्हाय मिलाली?" (एसटी मिळाली नाही का?)

मला तो प्रश्न फारच रास्त वाटला. मधूला मी तो हातानं सांगितला तेव्हा तो भजं हातात धरून कितीतरी वेळ हसत होता.

पुढे जुन्या आग्रा रस्त्यानं भिवंडीत शिरलो. गाव दिसायच्या आधी ऐकू येतं. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या छपरांखालून यंत्रमागांचा खडखडाट चालूच असतो. धामणकर नाक्यावर रिक्षा, हातगाड्या, कापडाचे तागे भरलेले ट्रक, सगळे एकाच वेळी आपला हक्क सांगत होते. एक ट्रक माझ्या आणि मधूच्या मधून आडवा गेला. तो गेल्यावर पाहिलं तर पुढे मधू नव्हता.

पुढची मंडळी थांबली, टेम्पो थांबला. करंदीकर सर एसटीडीच्या पिवळ्या पाटीखाली उभे राहून घाम पुसत होते. मी वेड्यासारखा "मधू, मधू" अशा हाका मारत सुटलो. कुणाला हाक मारतोय, हेही ध्यानात नव्हतं. शेवटी एक पानवाला म्हणाला, "पिवला पट्टावाला ना? पंक्चर हुआ उसका. नारपोली की गल्ली में गया."

गल्लीत पंक्चरवाल्याकडे मधूची सायकल उलटी ठेवलेली सापडली. शेजारीच यंत्रमागांचा कारखाना होता. दारात पांढरी टोपी घातलेले म्हातारे मालक उभे होते.

"तुमचा भाऊ काय? आत हाय, चाय पितोय. बसा तुम्ही बी."

मी आत गेलो आणि मागांच्या आवाजानं कानठळ्या बसल्या. मी ओरडत होतो, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मधू चहाचा ग्लास घेऊन मजेत उभा होता आणि तीनचार कारागीर आपापल्या मागावरून त्याच्याशी हातानं, ओठानं बोलत होते. त्यांच्या खुणा वेगळ्या, त्याच्या वेगळ्या. पण कुणाचंच अडत नव्हतं. मला बघून त्यानं हात केला: जरा थांब, बोलतोय.

बाहेर आल्यावर कारागिरांचा मुकादम मला म्हणाला, "मैं तो समझा लूमवाला है, भाईसाब. दरवाजे पे खड़ा हाथ से बात कर रहा था. मैंने तो रात की शिफ्ट भी दे दी."

मालक हसले. "आमच्याकडची मान्सं भायेर पन हातानंच बोलतात. कुनाला कलनार?"

तेवढ्यात टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आला. करंदीकर सर खाली उतरले ते निर्णय घेऊनच. "पुरे आता. मधूची सायकल वर चढवा."

खरं सांगतो, मला आधी हायसंच वाटलं. आता हात वर करायला नको, मान ताठ धरायला नको. मधूनं सरांचे ओठ वाचले होते. तो सरांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

मी माझी सायकल उचलून टेम्पोत टाकली.

"सर, मी बसतो."

"अहो, मग त्याच्या मागे कोण?"

"कुणी नाही."

"तुम्ही थकलात म्हणून त्याला असा सोडायचा?"

"हो. थकलोय मी. आणि अनोळखी गावात अर्ध्या तासात त्यानं पंक्चर काढून घेतलं, चहा मिळवला, नोकरीसुद्धा मिळवली. मला तर इथं साधा चहासुद्धा मिळाला नाही."

सरांनी टेम्पोचं फळकं लावून घेतलं. मग मधूला म्हणाले, "चल." मधू निघाला.

कशेळीचा पूल यायच्या आत मला झोप लागली. मधू रस्त्यावर असताना मी झोपलो, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

जाग आली तेव्हा टेम्पो शाळेच्या अंगणात उभा होता. मधू कधीच आत पोचला होता. मुलांच्या गराड्यात त्याचे हात भराभर चालले होते. मागांची नक्कल करत होता बहुतेक. मी आलोय याकडे त्याचं लक्षही नव्हतं. मला त्याचा आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी टपावर सायकली बांधून आम्ही एसटीनं परतलो. नाशकात लोक विचारतात, प्रवास कसा झाला, घाट कसा होता, वाटेत काय काय पाहिलं. मी त्यांना मधूकडे पाठवतो. तो रस्ता त्यानं पाहिलाय.