नदीच्या वतीनं कोण बोलणार

परांडा तालुक्यातलं आमचं गाव नदीकाठी आहे. मी तिथली सून आणि ग्रामपंचायतीची सदस्य. त्या वर्षीच्या पुरानं काठची रानं खरडून नेली. पाणी ओसरल्यावर सरपंचांनी मशीन लावून नदी सरळ आणि खोल करायचं ठरवलं. म्हणजे वळणावरचा डोह जाणार, काठची करंजाची झाडं जाणार.

कुठल्याशा कोर्टानं एका नदीला माणसासारखे हक्क दिल्याची बातमी मी ऐकली होती. ग्रामसभेत उभी राहिले. म्हणाले, "भैरोबाच्या नावानं सातबारा आहे. कायदा देवाला माणूस धरतो, तर नदीला का नको? तिच्या वतीनं बोलायला दोघं नेमू. त्यांना विचारल्याशिवाय मशीन नको."

मागं कुणीतरी हसलं. मग माझे चुलत दीर उठले. निवडणुकीत माझ्यासाठी दारोदार फिरलेला माणूस.

"वहिनी, माझ्या रानात नुसता मुरूम ऱ्हायलाय. नदी माणूस असती तर पयली केस म्याच टाकली असती तिच्यावर. भरपाई देईल का ती?"

"भावजी, सरळ केली तर पाणी आणखी जोरात येईल."

"ते म्या बी जाणतो," ते खाली बसत म्हणाले. "पन कायतरी होतंय, एवढं तर दिसंल."

माझ्या ठरावाला हात वर झाला तो एकट्या सासूबाईंचा. इकडंतिकडं बघून त्यांनी तोही खाली घेतला.

मशीन डोहापाशी आलं त्या दिवशी सासूबाई खण-नारळ घेऊन गेल्या. ड्रायव्हरनं मशीन बंद केलं, त्यांनी गढूळ पाण्यात नदीची ओटी भरली, आणि त्या काठावर आल्यावर त्यानं पुन्हा सुरू केलं.

घरी येताना म्हणाल्या, "लेकीची बी वटी भरून धाडतो आपुन. पन ती माघारी तरी येती."

डोहातला गाळ भावजींनी ट्रॅक्टरनं आणून रानात पसरला. पुढच्या पावसाळ्यात पाणी सरळ आलं आणि गाळासकट बांधही घेऊन गेलं. मी भेटायला गेले. ते दारातच बसले होते. त्यांनी आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला, आणि आम्ही कपाशीच्या भावाविषयी बोलत बसलो.