सूनबाईच्या पडद्यावरचा जिना

चहा आधी पिऊन घ्या. मंग ऐका, न्हाईतर हसताना नाकातून यील!

तुमाला ठावं हाय, आमी गवंडी माणूस. आमच्या डोंगरकडा गावातल्या निम्म्या भिंती माझ्या हातच्या. शिक्षण? सही करतो, ती बी ओळंब्यात!

सून आमची, वर्षा, पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते. कंप्युटरच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. त्याच्यावर म्या एकदा रबरी पाल ठेवली होती. तवापासून घरात काई बी बिघडलं की पयलं नाव माझंच!

त्या दिवशी वरडली, "मामा! काय केलं तुमी?"

"देवाशपथ, ह्या बारीला मी न्हाई!"

बघतो तर काय! एक ओळ जिथं संपली, तिथूनच खालची सुरू. तिच्या खालची आनखी उजवीकडं.

"पोरी, हा तर जिना झाला!"

"मामा, थट्टा नको. आत्ता साहेबाला हे दाखवायचंय. गावात बसून काम जमत न्हाई असं वाटलं, तर पुण्याला बोलावतील."

पुण्याला? मंग मी पाल कुणाच्या अंगावर टाकू?

आता गवंड्याच्या डोक्यात काय येणार? उतार! पाणी जसं उताराकडं जातं, तशी अक्षरं उजवीकडं वघळून राहिली. टेबल कललं असंल! घुसलो खाली अन् उजव्या पायांखाली एकेक वीट सारली.

"झालं का सरळ?"

"न्हाई! अन् टेबल काहून हालवून राहिले?"

म्हणलं, एका विटेनं भागत न्हाई. आनखी एकेक सारली. तेवढ्यात वर बटनांची टकटक झाली अन् सून वरडली, "झालं सरळ!"

"मंग! अनुभव म्हणत्यात याला!"

"अहो कशाचा अनुभव! चालू काम मी मधीच बंद पाडलं होतं. म्हणून ओळ खाली यायची, पण डाव्या कडंला परतायचं विसरायची. आता रीसेट टाईप केलं. तुमी विटा काढा पयले..."

काढतो कवा? साहेबाचा व्हिडिओ कॉल आलाच! मी खालीच दबकून बसलो.

"वर्षा, ओळी अगदी सरळ आहेत," साहेब म्हणले. खाली माझी मिशी फुगली. "पण तुमच्या मागची भिंत केवढी कललीय! घर बांधलं कुणी?"

"आमच्या मामांनी," सून बारीक आवाजात म्हणली.

"अहो, पडेल ते! असल्या घरात राहू नका. पुण्याला या."

घ्या! विटांनी टेबल कललं, टेबलासंगं कॅमेरा, अन् बदनाम झाली माझी भिंत! वरून सून बी चालली!

तसाच डोक्यावर जाळी-जळमटं घेऊन बाहेर निघालो, मुंडकं कॅमेऱ्यात घातलं अन् म्हणलं, "साहेब, भिंत बराबर हाय! टेबलाखाली विटा सारणारा मिस्तरी तिरपा हाय!"

साहेब इतके हसले, इतके हसले, की पुण्याचं राहूनच गेलं.

सून हितंच हाय. पण आता कॉल लागला की साहेब पयले तिला इचारतात, "तिरपे मिस्तरी टेबलाखाली नाहीत ना?"