वस्तादबाई आणि न मिळालेला हात

वस्तादबाईंच्या आधी त्यांचा आवाज भेटायचा. मूल होत नाही म्हणून एखादी बाई एकटीच दवाखान्यात आली, की त्या सज्जात जाऊन खाली पार्किंगमध्ये हाक टाकायच्या, "पावणं, गाडीवर बसून काय करताय? वर या की!" मोबाईलमध्ये डोकं घातलेले चार-पाच नवरे एकदमच दचकायचे. त्यांतला एक माझा होता.

खरं तर त्या डॉक्टर. पण तालमीतल्या वस्तादाची लेक आणि बोलणंही आखाड्यातलं, म्हणून पेशंट बायकांनीच हे नाव ठेवलेलं. रडणाऱ्या बाईला त्या कुरवाळत बसत नसत. "पाठ टेकली न्हाय अजून, रडतीस कशाला?" एवढंच म्हणायच्या. मला रागही यायचा आणि धीरही.

माझी पाठ मात्र टेकायला आली होती. नवऱ्याचा रिपोर्ट चांगला, शुक्राणू भरपूर आणि चपळ. म्हणजे दोष माझा, असं गडमुडशिंगीतल्या आमच्या घरानं ठरवूनच टाकलं. टेस्ट ट्यूबचा पहिला प्रयत्न फसला तशी सासूबाईंनी मला कायमचं माहेरी धाडायचा बेत केला. लेकासाठी चंदगडकडची मुलगीही बघून ठेवली.

हे कळल्यावर वस्तादबाईंनी सासूबाईंनाच बोलावून घेतलं. लेकाला शेजारी बसवलं आणि पडद्यावर त्या फसलेल्या प्रयत्नाचा फोटो लावला. मधे माझं बीज, भोवती शुक्राणूंची झुंबड.

"आत कोण गेलंय?"

"कोणच न्हाय की," सासूबाई डोळे बारीक करून म्हणाल्या.

"पैलवान आखाड्यात उतरला आणि त्यानं हातच मिळवला न्हाय, तर कुस्ती लागती व्हय?"

"न्हाय." सासूबाईंच्या माहेरी सगळेच पैलवान, त्यांना हे वेगळं सांगायला नको होतं.

"शुक्राणूच्या डोक्यावर एक प्रथिन असतंय. त्योच त्याचा हात. सुनेच्या बीजानं हात पुढं केलाय, पण तुमच्या लेकाकडं त्यो हातच न्हाय. रक्त तपासून घेतलंय मी."

सासूबाईंनी शेवटचा डाव टाकला. "मग दुसरी केली तर?"

"तिच्यासंगट बी न्हाय मिळायचा!"

मला हसू फुटलं. किती महिन्यांनी, तेही सासूबाईंसमोर. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला. चंदगडला फोन करून नको म्हणून सांगायचंय."

पुढच्या खेपेला वस्तादबाईंनी सुईनं एकच शुक्राणू थेट बीजात सोडला, हात मिळवायची भानगडच ठेवली नाही. मला मुलगी झाली.

दवाखाना बंद करून वस्तादबाई लेकाकडे परगावी निघाल्या होत्या, पण बारशासाठी थांबल्या. पाळणा सुरू असताना चुलतसासूबाई बोलून गेल्या, "चला, सुनेतला दोष गेला एकदाचा."

"तिच्यात दोष कवाच न्हवता," सासूबाई भर मांडवात कडाडल्या. "माझ्या लेकात हुता!"

घुगऱ्या वाटणारा माझा नवरा जागच्या जागी थांबला. मग माझ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "व्हय. माझ्यातच हुता."

पाळणा म्हणणाऱ्या बायका ओळ विसरून बघत राहिल्या. मग मीच सूर धरला, तो इतका खणखणीत की वस्तादबाईंनी मांडीवर थाप मारली. "आत्ता कसं!"