आईच्या मांडीवरचा कॉम्प्युटर

दूध करपल्याचा वास आला की सुरतेतली आमची डिंडोलीची खोली आठवते. शेजारच्या कापडाच्या लूममुळे तिथली फरशी सतत थरथरायची, आणि पप्पांनी जुनाट कॉम्प्युटरला जोडलेली जादा मेमरीची डबी जरा हलली तरी सगळं पुसलं जायचं. म्हणून कॉम्प्युटर आईच्या मांडीवर असायचा. त्या दुपारी टेपरेकॉर्डरमधल्या कॅसेटवरून त्यात प्रोग्राम चढत होता. मी सैल वायर दाबून धरली होती.

"दूध उतू जाई राह्यनं," आई पुटपुटली.

"हालू नको!" पप्पा ओरडले.

दूध सांडलं, करपलं. आई श्वास रोखून बसली. पडद्यावर अक्षरं उमटली, तशा आम्ही बापलेकींनी टाळ्या पिटल्या. प्रोग्राम कसला होता, आज आठवतही नाही.

संध्याकाळी आई मांडीला खोबरेल लावताना दिसली. कॉम्प्युटर खालून किती तापतो, हे आम्हा दोघांना आधीपासून ठाऊक होतं.