दहावी कोंबडी देवाची

आमचे हे फार सरळ. त्यांच्यासोबत राहून राहून मीच वाकडी झाले, असं माझ्या बहिणी म्हणतात. रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत हे शिफ्ट करतात. कोणाचा रुपया कधी बुडवला नाही. रविवारी काहीही होवो, पेणहून मोटारसायकलवर मला मागे बसवून रोह्याला प्रार्थनेला नेतात. आमची ख्रिस्ती मंडळी लहानशीच. एका हॉलमध्ये सतरंज्या टाकून बसतो, बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला.

भातकापणी झाली की आमच्यात कापणीचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकतं ते त्यानं देवासमोर आणून ठेवायचं आणि प्रार्थना झाली की त्याचा लिलाव. दोन लिंबं दोनशे रुपयांना जातात आणि घेणारा खुशीत असतो, कारण पैसे देवाच्या कामाला लागतात. आमचं शेत नाही. पेणच्या रामवाडीत घर, मागे थोडी मोकळी जागा आणि तिथे माझ्या कोंबड्या. माझ्या म्हणजे माझ्याच. मी घरी बसून पापड लाटते, त्या मजुरीतून त्यांचा दाणा येतो. ह्यांनी त्यांना आजवर मूठभर कणी टाकलेली नाही. स्वयंपाकघरात शिरल्या की हाकललं, तेवढाच संबंध.

गेल्या सणाच्या आठवडाभर आधी ह्यांनी जाहीर केलं, "औंदा कोंबड्यांचा दशमांश द्यायचा."

"देऊ की," मी म्हटलं. "तो काळा कोंबडा देऊ. नायतरी रोज पहाटे डोकं उठवतो."

"तसं नाय चालत गो. आपण निवडायची नाय. शास्त्रात लिवलंय. दाराशी काठी धरून उभं राहायचं, एकेक जनावर बाहेर पडेल तसं मोजायचं, आणि दहावं येईल ते देवाचं. बरं असो नायतर वाईट असो. बदली करायची नाय."

एकूण कोंबड्या दहा आणि सगळ्यांत आळशी माझी तांबडी. ती नेहमी शेवटी निघायची. आदल्या वर्षी माझा पाय मोडला होता. ह्यांच्या शिफ्टा चालू, मुलगी सासरी, मी दिवसभर खाटेवर एकटी. तेव्हा ही तांबडी येऊन माझ्या प्लास्टरवर बसायची. दुपारभर बसायची. शेजारणी चौकशी करून पाच मिनिटांत जायच्या, ही जायची नाही. माझा तिच्यावर जीव होता, उगाच लपवू कशाला?

शनिवारी सकाळी हे आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, हातात काठी घेऊन खुराड्यासमोर उभे राहिले. शास्त्र देणाऱ्या मोशेनंही एवढी तयारी केली नसेल. मी दाराशी कोंड्यात ताक कालवून ठेवलं होतं. तांबडीला ते फार आवडायचं. ह्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली आणि मी हळूच फळी सरकवली. झालं! तांबडी सगळ्यांत आधी बाहेर. मी मनात देवाचे आभार मानले. ह्यांची प्रार्थना मात्र संपेना. कंपनी, मंडळी, देश, सगळ्यांसाठी मागून झालं. तोवर तांबडीनं चार चोची मारल्या, इकडे तिकडे बघितलं आणि परत आत जाऊन बसली. तेव्हा हे "आमेन" म्हणाले.

मग एक, दोन, तीन करत नऊ झाल्या. दहावी आली तांबडी, आळोखेपिळोखे देत.

"ती पयली आलेली!" मी ओरडले.

"मी नाय बघितली."

"तुमचे डोळे मिटलेले!"

"देवाचे तर उघडे होते ना? त्यानंच तिला परत आत धाडली."

मी जेवण वाढलं, डबा भरला. मनात मात्र ठरवलं, लिलावात तांबडी मी सोडवून आणणार. पापडाच्या मजुरीचे अकराशे रुपये बटव्यात घातले. मिक्सरसाठी ठेवले होते, पण मिक्सर काही कोणाच्या पायावर येऊन बसत नाही.

रविवारी प्रार्थना चालवणाऱ्या आमच्या पाळकसाहेबांनी भोपळे विकले, तांदूळ विकला आणि मग पिशवीतून मान बाहेर काढलेली तांबडी उचलली. बाजूच्या बायांना मी सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी आपापल्या नवऱ्यांना डोळ्यांनीच दटावून ठेवलं होतं. मी म्हटलं, "तीनशे." पुढची बोली कोणाचीच आली नाही. पाळकसाहेबांनाही कळलं होतं. ते हसत म्हणाले, "तीनशे एक वार, तीनशे दोन वार..."

"चारशे!"

पुरुषांच्या बाजूनं आवाज आला. आवाज ओळखीचा होता. आमचेच हे!

"देवाच्या कोंबडीला भाव नको मिळायला?" हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सगळ्यांनी मिळून स्वस्तात सोडायची, हे बरोबर नाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाचशे. सहाशे. एकाच घरातून दोन बोल्या, पण पाळकसाहेब कशाला थांबवतील? हॉलचं छप्पर गळत होतं. मी म्हटलं आठशे, हे म्हणाले नऊशे. मी म्हटलं अकराशे. माझ्याकडचे पैसे संपले.

"बाराशे," हे म्हणाले.

मी उभी राहिले. "पाळकसाहेब," मी म्हटलं, "कोंबड्या माझ्या. दाणा माझ्या पापडांचा. बोलीचे पैसे माझे, मिक्सरचे. माझ्याकडं होतं ते सगळं मी बोलले. आता ह्यांना इचारा, ह्यांचं काय गेलं? माझ्या कोंबड्या खुराड्याच्या तोंडाशीच मोजल्या, आख्ख्या. स्वतःचा पगार मात्र पीएफ कापून, हप्ता कापून, क्यान्टीनचं कापून हातात पडला की मग त्याचा दहावा काढतात! तो नाय व्हय तोंडाशी मोजायचा?"

एकजात सगळ्या बाया वळून आपापल्या नवऱ्यांकडे बघायला लागल्या. एकजात सगळे पुरुष सतरंजीकडे. एक जण चप्पल शोधायला बाहेर गेला तो आलाच नाही. पाळकसाहेब हसू दाबत तांबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

ह्यांचे कान लालबुंद झाले. हे बसल्या बसल्याच म्हणाले, "अकराशेला द्या. तिची हाय ती."

परतताना तांबडी माझ्या मांडीवर पिशवीत होती आणि मी हवेत होते. जिंकले होते ना! नागोठणं मागे पडलं. मग हे मान न वळवताच म्हणाले, "पुढल्या महिन्यापासून कापायच्या आधीचा देणार."

"कसला?"

"दशमांश. पुऱ्या पगाराचा."

घराचा हप्ता, मुलीचं बाळंतपण, गॅस, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. "अवो, मी रागात बोलले," मी घाईघाईनं म्हटलं. "एवढं मनावर घ्यायचं नाय. देव काय पीएफसाठी अडून बसलाय?"

"नाय," हे म्हणाले, "तू बोललीस ते बरोबर हाय."

एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला बरोबर म्हटलं ते त्या एका दिवशी. ते ऐकायला मी किती तरसले होते! आणि पेण येईपर्यंत मी त्यांच्या पाठीमागे बसून, मी कशी चुकले हेच त्यांना पटवत होते.